पानावरचा आकडा

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले, की भूगाव आणि भुकूम मागे पडतात, घाट येतो आणि पलीकडे पिरंगुट पसरलेले दिसते. भातखाचरांचे गाव, कारखान्यांचे गाव आणि पुण्याला येऊन भिडलेली वस्ती अशी तिन्ही रूपे मुळशी तालुक्यातले हे गाव आज एकाच वेळी जगते आहे. या रस्त्याने डोळे उघडे ठेवून चालणाऱ्याला पावलोपावली आकडे दिसतात. कारखान्याच्या फाटकावर गट नंबर. गृहप्रकल्पाच्या फलकावर चौरस फूट. चौकातल्या फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस त्याच्या चेहऱ्याइतकाच मोठा पन्नासचा आकडा. दुकानाच्या पाटीवर स्थापनेचे साल, कडेच्या दगडावर किलोमीटर, पुढे धावणाऱ्या टेम्पोच्या पाठीवर गाडीचा क्रमांक.

घरातल्या फोटोंपाशी मात्र हेच आकडे हरवतात. एकेका फोनमध्ये हजारो फोटो साठलेले असतात. बाळाचे पहिले पाऊल, आजोबांची पंच्याहत्तरी, घाटातला पाऊस, नव्या घराची वास्तुशांत. कोणता फोटो कधीचा, हे आज आठवते म्हणून लिहून ठेवावेसे वाटत नाही. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये तारीख नोंदवतो हे खरे, पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवला, की ती नोंद गळून पडते. नातेवाइकांच्या गटात चार वेळा फिरून परत आलेल्या फोटोला स्वतःचे साल उरत नाही. जुन्या फोटोंच्या पाठीवर निदान कुणीतरी शाईने तारीख लिहिलेली असे. पडद्यावरच्या फोटोला पाठच नाही.

या ठिकाणी डिजिटल स्क्रॅपबुक कामाला येते. चिकटवहीचे हे संगणकावरचे रूप. फोटो, तिकिटे, पत्रिका, हस्ताक्षरातल्या ओळी, रंग आणि नक्षी यांची एका पानावर मांडणी करायची आणि ते पान जपायचे किंवा छापायचे. अशा पानावर आकडा दोन कामे करतो. तो चित्र म्हणून शोभतो आणि नोंद म्हणून टिकतो. आपल्याकडे आकड्याला चित्राचे रूप देण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. ती घरच्या अल्बममध्ये यावी आणि नेटकी यावी, यासाठी हा लेख.

भिंतीवरची चिकटवही

चिकटवहीचा छंद जगभर जुना आहे. अमेरिकी लेखक मार्क ट्वेनला त्याचे इतके वेड होते, की आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट त्याने १८७३ मध्ये मिळवले. आजच्या स्क्रॅपबुकचे वळण त्यानंतर शंभर वर्षांनी पडले. १९८० साली सॉल्ट लेक सिटीतल्या जागतिक अभिलेख परिषदेत मॅरिएलन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे पन्नासच्या वर अल्बम लोकांसमोर ठेवले आणि त्यातून एक चळवळच उभी राहिली. बारा इंच लांब आणि बारा इंच रुंद हे पानाचे माप पुढे रूढ झाले. पान संगणकावर गेले तरी माप तेच राहिले. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर असे पान ३६०० गुणिले ३६०० पिक्सेलचे होते.

मराठी घरातली चिकटवही भिंतीवर टांगलेली असे. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू केले आणि पंचांग, दिनदर्शिका व वाचनाचे पान एकत्र आले. त्याच्या तारखांच्या चौकटी मुळातच उत्तम मांडणी आहेत. मोठा ठळक आकडा, भोवती बारीक अक्षरांत तिथी आणि नक्षत्र, सुट्टीच्या दिवसाला लाल रंग. लाल आकडा पाहिला की न वाचता सुट्टी कळते. घरातल्या बाईने त्याच चौकटीत दुधाचा खाडा मांडला, सिलिंडर लागल्याची तारीख टिपली, माहेरी जायचा दिवस गोल केला. वर्ष संपताना उरलेले ते बारा कागद म्हणजे त्या घराची आकड्यांनी लिहिलेली रोजनिशीच असे.

दुसरे उदाहरण लग्नपत्रिकेचे. शके, मिती, वार, दिनांक आणि मुहूर्ताची वेळ असा आकड्यांचा एवढा दाट मजकूर दुसऱ्या कोणत्या घरगुती कागदावर सापडत नाही. बारा वाजून सदतीस मिनिटे, असा मिनिटापर्यंत नेमका मुहूर्त छापायचा आणि त्याच मिनिटाला अक्षता पडाव्यात म्हणून मांडवात धावपळ करायची, ही आपली रीत. लग्नाचा अल्बम करताना मात्र हा नेमका आकडा बहुधा विसरला जातो. सध्या चालणाऱ्या मोठ्या अल्बमचे उघडलेले जोडपान बारा इंच उंच आणि छत्तीस इंच रुंद असते. तयार साच्यातल्या त्या पानावर परदेशी फुले असतात, इंग्रजी सुभाषिते असतात, ढग आणि फुलपाखरे असतात. त्या जोडप्याचे स्वतःचे असे फक्त फोटो. त्याच छत्तीस इंचांवर '१२.३७' एवढाच आकडा पानभर उंचीचा घेतला आणि त्याच्या रेषांमध्ये अक्षतांचा फोटो भरला, तर ते पान दुसऱ्या कुणाच्या लग्नाचे होऊ शकणार नाही.

नाणेघाटातले अंक

आकडा ठळक मांडून आठवण जपण्याचे आपल्याकडचे एक फार जुने उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. अभ्यासक त्याचा काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास धरतात. राजकुटुंबाने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. एका यज्ञाला १७०० गायी आणि १० हत्ती, दुसरीकडे २४,४०० कार्षापण नाणी, असे आकडे त्यात ओळीने येतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा बारकाईने अभ्यास केला आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाला कायमचे स्थान मिळाले.

मांडणी करणाऱ्याने हे अंक चित्र म्हणून पाहावेत. तेव्हा स्थानिक किंमत नव्हती, शून्य लिहिण्याची गरज नव्हती. दहा, वीस, ऐंशी, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार, विसाचे जोडले की वीस हजार. चोवीस हजार चारशे लिहायला वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन जोडचिन्हे शेजारी शेजारी कोरली गेली. आपण अक्षरांची जोडाक्षरे करतो, तशी त्या कोरक्याने अंकांची केली.

राजघराण्याने घाटाच्या तोंडाशी, येणाऱ्या जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरेसमोर आपल्या दानाचे आकडे दगडावर मांडले. किती दिले हे 'पुष्कळ' या शब्दाने सांगता आले असते. त्यांनी नेमका आकडा निवडला. लेखाचे काही भाग झिजले, काही शब्द हरवले, तरी उरलेल्या आकड्यांवरून त्या यज्ञांचा पसारा आजही समजतो. घरगुती अल्बमचा हेतू याहून वेगळा नाही. 'खूप पाऊस होता', 'बाळ फार लहान होते', 'आजीचे वय झाले होते' ही वाक्ये वीस वर्षांनी काहीच सांगत नाहीत. बाळाचे वजन दोन किलो चारशे ग्रॅम होते, हे सांगते.

शिरोरेषेविना उभे

देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. अंक मात्र मोकळे उभे राहतात. त्यांना काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. सजावटीच्या कामात हा फार मोठा फायदा आहे. एखाद्या फोटो अ‍ॅपमध्ये मराठी मजकूर टाकला की वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, 'क्ष' फुटतो, रफार हरवतो. अंकांना हा धोका नाही. फॉन्टमध्ये देवनागरी अंक असले की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते जसेच्या तसे उमटतात. मराठीत मांडणी शिकणाऱ्याने सुरुवात अंकांपासून करावी, हे सांगण्यामागे हे साधे कारण आहे.

प्रत्येक अंकाचा स्वभाव वेगळा आहे. ० ही तयार चौकट आहे, तिच्या पोटात चेहरा नीट बसतो. १ आणि ९ यांना डोके आणि शेपूट आहे, ते पानाच्या कडेला उभे करून शेपूट पानाबाहेर सोडता येते. ३ आणि ६ शेजारी ठेवले की आरशातल्यासारखे, पण एकमेकांकडे पाठ फिरवलेले दिसतात, म्हणूनच न पटणाऱ्यांना आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. ७ चे वळण आतल्या बाजूला जाते आणि नजरेला मध्यभागी ओढते. ४ ची गाठ तळाशी, दोन्ही हात वर. ८ वरून खाली घसरत येतो आणि त्याच्या उजवीकडे चार ओळी लिहायला जागा सोडतो. मोठ्या आकड्याच्या रेषांत फोटो भरायचा असेल, तर रेषा जाडच हवी. बारीक रेषेत फोटो ओळखू येत नाही.

या रूपांमागे मराठी माणसांचे मोठे काम आहे. गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून १८४१ मध्ये मराठी पंचांग छापून निघाले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे देशभर नावाजले गेले. मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे देवनागरी छपाईचे दोन घाट त्या काळात रुळले. त्यांतला फरक काही अक्षरांइतकाच ५, ८ आणि ९ या अंकांतही दिसतो. पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा फॉन्ट घडवला आणि देवनागरी घरोघरच्या संगणकावर पोचली. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आणि 'श्री-लिपी' काढणाऱ्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने भारतीय लिप्यांचे टंकन छापखान्यांत आणि कचेऱ्यांत रुजवले.

आज निवड भरपूर आहे आणि ती फुकट आहे. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट, त्यांचाच गुबगुबीत 'मोदक', आयआयटी मुंबईचा 'शोभिका', मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला 'यात्रा वन', जाड आणि बारीक रेषांचा तीव्र फरक असलेला 'रोझा वन'. बारशाच्या पानावर 'मोदक' शोभतो, प्रवासाच्या पानावर 'यात्रा वन'. सातबाऱ्याचा किंवा शाळेच्या दाखल्याचा आकडा 'शोभिका'सारख्या पुस्तकी वळणात भारदस्त दिसतो. एका पानावर एकच आकडा मोठा असावा आणि त्याला एकच फॉन्ट. मजकुराला दुसरा चालेल, तिसरा नको.

एक सावधगिरी मात्र हवी. गावोगावच्या डीटीपी केंद्रांतून अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम होते. अशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, तेव्हा घरचा अल्बम युनिकोडमध्येच करावा. दुसऱ्याकडून करून घेतला, तर तयार पानाची पीडीएफ आणि चित्रफाइल दोन्ही मागून घ्याव्यात.

इंग्रजी वळणाचे अंक वापरायचे की देवनागरी, हा प्रश्न घटना समितीतही गाजला होता. केंद्राच्या कारभारासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारले गेले आणि ते घटनेच्या ३४३ व्या कलमात आहे. घरच्या अल्बमला कोणतेही कलम लागू नाही. तरी एका पानावर दोन्ही रूपे मिसळू नयेत, याला व्यावहारिक कारण आहे. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. मिसळलेल्या पानावर परदेशात वाढणारे नातवंड १४ चे ९८ वाचील.

पाटीवरची कला

पिरंगुटच्या रस्त्यावर आकड्यांच्या एका लोककलेचे शेवटचे अवशेष अजून दिसतात. गाडीच्या नंबरातून शब्द काढण्याची ही कला महाराष्ट्रभर फोफावली. ४१४१ चे 'दादा' झाले. २१४ चे 'राम' झाले, कारण २ चा र होतो, १ चा काना आणि ४ थोडा वळवला की म. ४९१२ मध्ये लोकांनी 'पवार' वाचले. आवडीच्या नंबरासाठी परिवहन कार्यालयात जादा पैसे भरायचे आणि मग पेंटरकडून तो हवा तसा वळवून घ्यायचा.

रस्त्यावर ही कला चुकीच्याच जागी होती. अपघात किंवा गुन्हा घडला तर नंबर क्षणात वाचता आला पाहिजे, म्हणून मोटार वाहन नियम पाटीवरच्या अंकांचे रूप, उंची आणि अंतर ठरवून देतात. वळवलेल्या नंबराला दंड होतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाट्या सक्तीच्या झाल्या, जुन्या गाड्यांनाही त्या लागू लागल्या आणि पेंटरच्या कुंचल्याला पाटीवर जागा उरली नाही.

पण अंकात अक्षर आणि अक्षरात अंक पाहण्याची ती नजर वाया जाऊ नये. तिची खरी जागा अल्बमच्या पानावर आहे. घरातल्या पहिल्या ट्रॅक्टरचा किंवा पहिल्या स्कूटरचा नंबर अख्ख्या घराला पाठ असतो. गाडी विकली गेली तरी तो जिभेवर राहतो. तिच्या फोटोवर तो आकडा पेंटरच्या वळणात, हव्या त्या रंगात, हवा तेवढा वळवून मांडता येतो. तिथे ना अपघाताचा धोका ना दंड. पाट्या रंगवणारे अनेक हात अजून गावात आहेत. त्यांच्याकडून शून्य ते नऊ असे दहा अंक कागदावर रंगवून घ्यावेत, स्कॅन करावेत आणि आपल्या घराचा संच म्हणून वापरावेत. असा संच दुसऱ्या कुठल्याही घराकडे नसेल.

मुळशीची पाने

आता पिरंगुटचे किंवा मुळशीतल्या कोणत्याही गावाचे एखादे घर डोळ्यासमोर आणू. त्याच्या अल्बमसाठी आकडे कुठून आणायचे?

पहिला आकडा पत्त्यातला. पिरंगुटचा पिन आहे ४१२११५. पिन कोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. त्याची आखणी केली ती टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश यांना धरणारा विभाग सांगतो. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन थेट पोस्टापर्यंत नेतात. पुणे शहराच्या मोठ्या भागाचे पिन ४११ ने सुरू होतात, पिरंगुटचा ४१२ ने. शहराचे ४११ कुठे संपते आणि गावाचे ४१२ कुठे सुरू होते, ही पिरंगुटमधल्या अनेक घरांची गेल्या काही वर्षांची गोष्ट आहे. सहा अंक, सहा फोटो, प्रत्येक अंकाच्या आत एक: घाट, देऊळ, शाळा, कारखान्याचे फाटक, भात, घर. गावाचे पान तयार होते.

दुसरा आकडा जमिनीचा. गाव नमुना सात जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो, नमुना बारा तिच्यात काय पिकले ते. दोन्ही मिळून सातबारा. मुळशीत कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावरची शेते आज इमारती आणि शेड झाली आहेत. आजोबांच्या तोंडी गुंठे असत. चाळीस गुंठ्यांचा एकर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. नातवाच्या तोंडी फ्लॅटचे चौरस फूट असतात. एकाच जोडपानावर डावीकडे शेताचा जुना फोटो आणि गुंठ्यांचा आकडा, उजवीकडे आजचे घर आणि त्याचे चौरस फूट. दोन आकड्यांमध्ये तीन पिढ्यांचा बदल मावतो आणि त्यावर भाष्य लिहावे लागत नाही.

तिसरा आकडा इतिहासाचा. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सुरू झाला. ज्या घरांचे पूर्वज पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठून आले, त्यांच्याकडे त्या गावांचे फोटो नाहीत. गावाचे नाव आणि १९२१ हे साल आहे. फोटो नसलेल्या पानावर आकडा एकट्याने उभा राहू शकतो. कोऱ्या निळ्या पार्श्वभूमीवर पानाच्या तळाशी अर्धे बुडालेले १९२१ आणि वर गावाचे नाव, एवढे पुरते.

चौथा आकडा पावसाचा. ताम्हिणी घाटातला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो आणि बातमीत येतो. भाताची लावणी कोणत्या तारखेला झाली, शेत किती दिवस तुंबले, विहीर कोणत्या महिन्यात भरली, हे सांगणारे लोक घरात आहेत तोवर ते टिपून घ्यावे. असे आकडे त्या घराशिवाय कुठेही नोंदलेले नसतात.

पाचवा आकडा सगळ्यात साधा आहे आणि सगळ्यात लवकर निसटतो. बाळाच्या प्रत्येक महिन्याचा फोटो काढून शेजारी फुलांचा, डाळींचा किंवा भेंडीचा अंक मांडण्याची पद्धत आता गावोगावी आली आहे. हा अंक देवनागरी असावा. मूल मोठे होऊन अल्बम चाळेल तेव्हा बालवाडीत गिरवलेले अंक त्याला आपल्याच बाळपणाच्या फोटोंत सापडतील.

ठिपके आणि मोकळी जागा

संख्येवर मांडणी उभी करणे आपल्या बायकांना कुणी शिकवावे लागलेले नाही. ठिपक्यांच्या रांगोळीचे नावच संख्येने सांगतात. 'तेरा ते सात' म्हटले, की मधल्या ओळीत तेरा ठिपके आणि वर-खाली एकेक कमी होत सातापर्यंत, हे ऐकणाऱ्या बाईला दिसू लागते. आकडे आधी येतात, नक्षी नंतर उमलते. ठिपके मोजण्यात चूक झाली तर रांगोळी जुळत नाही.

पानाची आखणीही अशीच करावी. पान उभे-आडवे तीन समान भागांत विभागावे. मोठा आकडा एका भागात किंवा दोन भागांवर पसरलेला असावा आणि निदान एक भाग पूर्ण मोकळा राहावा. आकड्याचा रंग फोटोतूनच घ्यावा, आईच्या साडीच्या काठाचा किंवा भाताच्या लोंबीचा. मग तो वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. मोठ्या आकड्याला लागून त्याचा अर्थ लहान अक्षरांत लिहावा. नुसत्या '७५' वरून आजोबांचे वय, लग्नाची वर्षे आणि घराचा क्रमांक यांतले काय समजायचे, ते पन्नास वर्षांनी कुणालाच कळणार नाही. '७५' खाली 'आप्पांची पंच्याहत्तरी, पिरंगुट' आणि तारीख असली की काम झाले.

जगातल्या मोठ्या चित्रकारांनाही आकड्याच्या रूपाची भुरळ पडली. चार्ल्स डेमथने १९२८ मध्ये सोनेरी ५ या एकाच आकड्याला नायक करून चित्र काढले. जास्पर जॉन्सने शून्य ते नऊ हे अंक एकमेकांवर रचून चित्रे केली. आपल्याकडे कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना दिलेली अक्षररूपे आणि अच्युत पालव यांचे मोडी व देवनागरीतले काम पाहिले, की अक्षराला चेहरा कसा येतो ते समजते. त्याच नजरेने अंकाकडे पाहिले तर हा खजिना घरबसल्या हाती लागतो.

खरा आकडा

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आकडा सुंदर दिसतो म्हणून पानावर घालू नये. बाजारात तयार साच्यांमध्ये '२४', '०७', '३६५' असे कोणतेही अंक शोभेला टाकलेले असतात. त्या घराशी त्यांचे काही नाते नसते. ते पाहणाऱ्याला वाटते की त्यामागे काहीतरी अर्थ असेल, आणि तो शोधूनही सापडत नाही. फुलाने फसवणूक होत नाही, आकड्याने होते, कारण आकडा वाचला जातो आणि त्यावर विश्वास ठेवला जातो.

म्हणून पानावर घालायचा प्रत्येक आकडा तपासावा. आजीच्या जन्माचे साल शाळेच्या दाखल्यावर एक असते आणि तिच्या आठवणीत दुसरे. 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी' असे ती सांगते. अशा वेळी दोन्ही लिहावे. पत्रिका, दाखला, जुनी पावती, पाठीवर तारीख असलेला फोटो, घरातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांचे म्हणणे हे सगळे ताडून पाहावे. या तपासणीत जे बोलणे होते तेच पुष्कळदा अल्बममधला सर्वांत मोलाचा मजकूर ठरते. मावशी आणि काकू तारखेवरून वाद घालतात आणि त्या वादातून विसरलेला एक पावसाळा बाहेर येतो. तोही लिहून ठेवावा.

जपून वापरायचे आकडेही आहेत. आधार क्रमांक, बँक खाते, फोन नंबर, सातबाऱ्यावरचा खाते क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि लहान मुलाची पूर्ण जन्मतारीख समाजमाध्यमावर टाकायच्या पानावर नसावी. त्यासाठी त्याच पानाची दुसरी प्रत करावी, महिना आणि वर्ष एवढेच ठेवून. पूर्ण प्रत घरात छापून राहू द्यावी.

आणि ती छापावीच. फोन बिघडतो, क्लाउडवरच्या साठ्याचा पासवर्ड विसरतो, कंपन्या बंद पडतात. पान जाड आणि टिकाऊ कागदावर छापून घ्यावे. मागे शाईने छपाईची तारीख, करणाऱ्याचे नाव आणि आकडा कुठून मिळाला ते एका ओळीत लिहावे.

दिवाळीत घर भरलेले असते आणि आकडे जाणणारी माणसे एका छताखाली असतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये. दिवाळी अंक आपल्या मुखपृष्ठावर वर्षाचा आकडा मिरवतात. प्रत्येक घरानेही या दिवाळीत एक पान करावे. फराळाच्या ताटाभोवती बसलेल्या सगळ्यांना विचारावे: या घराचा असा कोणता आकडा आहे, जो आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही? जे उत्तर मिळेल ते देवनागरीत मोठे लिहावे, शेजारी फोटो लावावा, खाली अर्थ लिहावा. ज्या नातवंडांना हे विचारायला उद्या घरात कुणी नसेल, त्यांना त्याचे उत्तर पानावर मिळेल.